सेल सॉर्टिंगसाठी कोल्हापूरहून निघताना

पहिल्यांदा सॉर्टिंगसाठी, म्हणजे मिसळलेल्या पेशींतून हव्या त्या पेशी मशीनवर वेगळ्या करायला, पुण्याला निघालो तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले होते. आईने विचारलं, "एवढ्या रात्रीचा कुठं निघालास?" म्हटलं, "फॅक्स करायला." ती म्हणाली, "त्याला पुण्याला कशाला जायला पाहिजे? राजारामपुरीत झेरॉक्सवाल्याकडं होत नाही?"

तिचं चुकलं नव्हतं. फ्लुओरेसन्स-अ‍ॅक्टिव्हेटेड सेल सॉर्टिंग या लांबलचक नावाची आद्याक्षरं एफ-ए-सी-एस, आणि त्यांचा उच्चार सगळे 'फॅक्स' असाच करतात. खरं तर तो एका कंपनीचा ट्रेडमार्क आहे, पण झेरॉक्ससारखाच सगळ्यांच्या तोंडी बसलाय. आमच्या लॅबमध्ये सॉर्टर नाही. मशीन कोट्यवधीचं, त्याचा ऑपरेटर पूर्णवेळ लागतो आणि लेझरची देखभाल वेगळीच. त्यामुळे नमुना घेऊन बाहेर जाणं आलंच. दरवर्षी एमएस्सी झालेली, नुकतीच पीएचडीला लागलेली मुलं तेच प्रश्न विचारतात आणि त्याच चुका करतात. त्यातल्या बहुतेक चुका मी स्वतः आधी करून बसलोय. सॉर्ट बिघडतो तो फार क्वचित मशीनमुळे. तो आपल्याच बेंचवर आदल्या दिवशी बिघडलेला असतो, मशीनवर तो फक्त दिसतो. म्हणून हा लेख मशीनपेक्षा ट्यूबबद्दल जास्त आहे.

आधी मशीनच्या पोटात काय चालतं ते

नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनरांगेत बॅरिकेड अरुंद होत जातात आणि शेवटी माणसं एकामागे एक सरकू लागतात. सॉर्टर पहिल्यांदा हेच करतो. पेशींचा द्रव मधोमध सोडतात आणि त्याच्याभोवती शीथ फ्लुइड नावाचा मिठाच्या पाण्यासारखा द्रव वेगाने वाहता ठेवतात. बाहेरच्या प्रवाहाच्या रेट्याने आतली धार बारीक होते आणि पेशी एकेक करून लेझरसमोरून जातात. सरळ पुढे पसरलेल्या प्रकाशावरून पेशीच्या आकाराचा अंदाज येतो, बाजूला फेकलेल्या प्रकाशावरून ती आतून किती दाणेदार आहे ते कळतं. अँटिबॉडी म्हणजे ठरावीक प्रथिनालाच जाऊन चिकटणारा रेणू; आपण तिला जोडलेला रंग पेशीवर चिकटला असेल तर तोही चमकतो. इथपर्यंतचं काम साधा फ्लो सायटोमीटरही करतो. तो मोजतो आणि सगळं कचऱ्याच्या बाटलीत सोडून देतो.

सॉर्टरची गंमत याच्या पुढे आहे. नोझल सेकंदाला हजारो वेळा थरथरवलं जातं, त्यामुळे धार ठरावीक अंतरावर तुटून थेंब पडतात. ७० मायक्रॉनच्या नोझलमधून सेकंदाला सुमारे ९० हजार थेंब. हवी ती पेशी ज्या थेंबात असेल, तो थेंब तुटण्याच्या नेमक्या क्षणी धारेला विद्युतभार द्यायचा. पुढे हजारो व्होल्टच्या दोन पट्ट्या असतात. भारित थेंब त्यांच्यामधून जाताना डावीकडे किंवा उजवीकडे वळतो आणि ट्यूबमध्ये पडतो, बाकीचे सरळ कचऱ्यात.

अवघड गोष्ट वेळेची. पेशी लेझरसमोर दिसते एका जागी आणि थेंब तुटतो त्याच्या बराच खाली. दर्शनरांगेत कोणी दारापाशी उभं राहून "हिरव्या साडीवाल्या बाईंना डावीकडे पाठवा" असं सांगावं आणि डावं-उजवं करणारा गडी वीस पावलं पुढे असावा, तसं. त्याला किती पावलं मोजायची हे पक्कं माहीत हवं, नाहीतर मागच्याच बाई डावीकडे जातील. या मोजणीला ड्रॉप डिले म्हणतात. ऑपरेटर सकाळी चमकते मणी सोडून तो बसवतात. त्यात अर्धा तास जातो. त्या वेळी त्यांच्या डोक्यावर उभं राहून "कधी सुरू होणार?" विचारू नका.

ही थेंबांची युक्ती जीवशास्त्रातली नव्हेच. स्टॅनफर्डचे रिचर्ड स्वीट शाईचे थेंब भारित करून कागदावर आलेख उमटवणारं यंत्र बनवत होते, म्हणजे आजच्या इंकजेट प्रिंटरचाच भाऊबंद. लॉस अलामॉसच्या मॅक फुलवायलर यांनी ती कल्पना उचलली आणि १९६५ मध्ये आकारमानावरून पेशी वेगळ्या करून दाखवल्या. मग स्टॅनफर्डच्याच लेन हर्झेनबर्ग यांच्या गटाने १९६९ मध्ये त्यात फ्लुओरेसन्स आणला. मायक्रोस्कोपखाली चमकत्या पेशी मोजून हर्झेनबर्ग वैतागले होते, असं सांगतात. ज्याने कधी न्यूबाउअर चेंबरवर (पेशी मोजायच्या, चौकटी आखलेल्या काचपट्टीवर) सलग तीन तास पेशी मोजल्यात, त्याला हे लगेच पटेल. १९७५ मध्ये मोनोक्लोनल, म्हणजे सगळ्या एकसारख्या, अँटिबॉडी आल्या आणि या यंत्राला खरं काम मिळालं, कारण आता हव्या त्या एका प्रथिनावर नेमका रंग चढवता येऊ लागला.

हे तंत्र गोठ्यापर्यंत आधीच पोचलंय

नवीन मुलांना मी सीडी४, सीडी८ या पेशींवरच्या प्रथिनखुणांच्या आधी म्हशीचं उदाहरण देतो. 'गोकुळ'च्या जिल्ह्यात ते लवकर डोक्यात शिरतं.

रेडी होणार की रेडा, कालवड होणार की खोंड, हे शुक्राणू ठरवतो. एक्स गुणसूत्र वायपेक्षा मोठं असतं, त्यामुळे एक्सवाल्या शुक्राणूत डीएनए थोडा जास्त असतो. गायीबैलांच्या जातीत हा फरक सुमारे ३.८ टक्के, एवढाच. होक्स्ट ३३३४२ नावाचा रंग जिवंत पेशीत शिरून डीएनएला चिकटतो. डीएनए जास्त तर चमक जास्त. या चमकेतला तीन-चार टक्क्यांचा फरक पकडून शुक्राणू दोन बाजूंना वळवायचे. त्यात शुक्राणूचं डोकं चपटं, नाण्यासारखं. आडवं पाहिलं तर चमक वेगळी, सपाट बाजूने पाहिलं तर वेगळी. म्हणून नोझल असं बनवावं लागतं की डोकं एकाच बाजूने लेझरकडे वळेल. अमेरिकेच्या कृषी खात्यातले लॉरेन्स जॉन्सन यांच्या गटाने १९८९ मध्ये या पद्धतीने सशांची पिल्लं जन्माला घातली. आज गावात डॉक्टर जे 'सेक्स सॉर्टेड सिमेन' देतात त्याच्या मुळाशी हेच आहे. मादी वासराची खात्री साधारण ९० टक्के मिळते. या वीर्याची कांडी महाग का, तर एकेक शुक्राणू मोजून बाजूला काढावा लागतो, आणि म्हणूनच एका कांडीत नेहमीच्या मात्रेपेक्षा शुक्राणू बरेच कमी भरतात. गाभण राहण्याचं प्रमाण थोडं घसरतं त्याचं हेही एक कारण. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमच्या कार्यक्रमात देशी बनावटीचं असं तंत्रज्ञान जाहीर झालं, कांडी स्वस्त व्हावी हा त्यामागचा हेतू.

विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी पुढचा प्रश्न विचारतोच, की मग माणसात? उत्तर सरळ आहे. गर्भधारणेआधी लिंग निवडण्याचं कोणतंही तंत्र माणसावर वापरणं पीसीपीएनडीटी कायद्याने गुन्हा आहे. आपल्याच जिल्ह्यात सोनोग्राफी मशीनना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' (प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं यंत्र) बसवायची वेळ आली होती, हे विसरू नका.

या उदाहरणातून एक गोष्ट उचला. सॉर्टिंग म्हणजे पेशीवर मोजता येईल असा एखादा फरक शोधणं. तो फरक प्रथिनाचा असेल, डीएनएचा असेल, नाहीतर आत घुसवलेल्या जीएफपी या हिरव्या चमकत्या प्रथिनाचा. फरक नसेल तर दहा लेझरवालं मशीनही काही करू शकत नाही.

सॉर्टर खरंच लागतो का?

ही पहिली पायरी, आणि बहुतेक जण हीच गाळतात. "किती टक्के टी पेशी आहेत" एवढंच हवं असेल तर सॉर्टर नको, साधा अ‍ॅनालायझर, म्हणजे वर सांगितलेला फ्लो सायटोमीटर, पुरे. एचआयव्ही रुग्णांची सीडी४ मोजणी, रक्ताच्या कर्करोगाचं निदान ही कामं त्यावरच होतात.

एकाच खुणेवरून भरपूर पेशी हव्या असतील, समजा सीडी१४ ही खूण असलेल्या सगळ्या मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), तर चुंबक वापरा. सुमारे ५० नॅनोमीटरचे लोहकण अँटिबॉडीला जोडलेले असतात. ते लावलेल्या पेशी चुंबकात धरलेल्या स्तंभातून सोडल्या की हव्या त्या आत अडकतात. चुंबक काढला की त्या खाली येतात. जर्मनीच्या स्टेफान मिल्टेनी यांच्या गटाने १९९० मध्ये हे मांडलं. यात ना लेझर, ना ऑपरेटर, ना पुण्याची फेरी. तासाभरात कोल्हापुरातल्या बेंचवर काम होतं. २०२३ मध्ये भारतात मंजूर झालेल्या नेक्सकार१९ नंतर कार-टी उपचाराचं (रुग्णाच्याच टी पेशी बदलून कर्करोगावर सोडायच्या) नाव सगळ्यांच्या कानावर आहे. जगभर असे उपचार बनवताना रुग्णाच्या रक्तातून टी पेशी काढायला बऱ्याच ठिकाणी चुंबकच वापरतात, कारण अब्जावधी पेशी एकेक करून सॉर्टरमधून काढायला दिवस उलटतील.

सॉर्टर लागतो तो पुढच्या कामांना. तीन-चार खुणा एकत्र पाहायच्या असतील. 'आहे-नाही' यापेक्षा 'कमी-जास्त' महत्त्वाचं असेल. पेशी अतिशय दुर्मिळ असतील. किंवा ९६ खणांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खणात एकच पेशी टाकायची असेल. एकपेशीय आरएनए सिक्वेन्सिंग, क्रिस्परने जनुक बदलल्यानंतर एका पेशीपासून वाढवलेली क्लोनवस्ती, एका बी पेशीतून अँटिबॉडीचा जनुक काढणं, ही सगळी या प्रकारातली कामं. उंदराच्या अस्थिमज्जेतून रक्ताच्या मूळपेशी पहिल्यांदा वेगळ्या निघाल्या त्या १९८८ मध्ये, आयर्विंग वाइसमन यांच्या गटाकडून. त्या मज्जेत अगदी तुरळक असतात. चार-पाच खुणांचं कोडं जुळवून सॉर्ट केल्याशिवाय त्या हाती लागल्या नसत्या.

मला विचाराल तर दोन्ही करा. आदल्या दिवशी इथेच चुंबकाने नको ती गर्दी काढून टाका आणि उरलेलं सॉर्टरला न्या. मशीनचा वेळ आणि पैसे, दोन्ही निम्म्यावर येतात.

उलटा हिशेब

"सर, किती रक्त घेऊ?" हा प्रश्न नेहमी शेवटी येतो. तो सगळ्यात आधी यायला हवा. शेवटच्या प्रयोगापासून मागे या.

समजा आरएनएसाठी ५० हजार पेशी हव्यात आणि त्या पीबीएमसीत, म्हणजे रक्तातून वेगळ्या काढलेल्या लिम्फोसाइट-मोनोसाइटच्या मिश्रणात, ०.५ टक्का आहेत. म्हणजे कागदावर एक कोटी पेशी मशीनमधून जायला हव्यात. पण काही पेशी मरतात, काही जोडीने जातात, काही मशीन स्वतःच संशय घेऊन टाकून देतं. हाती निम्म्या येतील असं धरा. म्हणजे दोन कोटी. एक मिली रक्तातून ढोबळमानाने दहा लाख पीबीएमसी मिळतात, त्यामुळे वीस मिली, आणि धुण्यात जाणाऱ्या पेशींसाठी तीस मिली. सेकंदाला दहा हजारांच्या वेगाने दोन कोटी पेशींना ३३ मिनिटं लागतात. त्यात मशीन बसवणं, कंट्रोल (तुलनेसाठीच्या ट्यूब) चालवणं धरलं की दोन तासांचं बुकिंग करा. एक तासाचं बुकिंग करून पेशी अर्धवट टाकून परत आलेली मंडळी मी पाहिलीत.

वेग किती ठेवायचा हे नोझलवर. नोझलचं भोक पेशीच्या व्यासाच्या निदान पाचपट हवं. लिम्फोसाइट सात-आठ मायक्रॉनचा, त्याला ७० मायक्रॉनचं नोझल चालतं. मॅक्रोफेज, ट्यूमरच्या पेशी, प्लेटवर वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी यांना १०० मायक्रॉन द्या. तिथे दाब सुमारे २० पीएसआय असतो, ७० मायक्रॉनला तो ७० च्या आसपास जातो. एवढ्या दाबातून सुटलेल्या नाजूक पेशीची अवस्था काय होत असेल ते बघा. पण मोठ्या नोझलला थेंबही कमी पडतात, सेकंदाला सुमारे ३० हजार. पेशींचा वेग थेंबांच्या चौथ्या हिश्शाच्या आत ठेवायचा असा ढोबळ नियम आहे, नाहीतर एका थेंबात दोन-दोन पेशी येऊन बसतात.

कागद आणि फोन

रक्त माणसाचं असेल तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणि देणाऱ्याची लेखी संमती. उंदीर असेल तर प्राणी एथिक्स कमिटीची. नमुना संसर्गजन्य असण्याची शक्यता असेल तर ते आधीच सांगा, लपवू नका. सॉर्टरमध्ये दाबाखाली थेंब उडतात, नोझल तुंबलं की हवेत बारीक तुषार होतात आणि ते श्वासातून जातात ऑपरेटरच्या. काही ठिकाणी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीचे रिपोर्ट मागतात. तो त्यांचा हक्कच आहे.

पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र म्हणजे एनसीसीएस आहे, पाषाणला आयसर आहे, खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक. बाहेरच्यांना वेळ मिळतो का, दर काय, फॉर्म कोणता, हे प्रत्येक ठिकाणी बदलत असतं, तेव्हा थेट विचारा. मेलमध्ये तीन गोष्टी लिहा. पेशी कोणत्या, रंग कोणते, किती पेशी कशात हव्यात. "सॉर्टिंग करायचे आहे, कृपया दर कळवा" एवढ्या एका ओळीला उत्तर उशिरा येतं. त्यांच्या मशीनवर कोणते लेझर आहेत ते विचारल्याशिवाय अँटिबॉडी मागवू नका. ४८८ नॅनोमीटरचा निळा आणि ६४० च्या आसपासचा लाल बहुतेक ठिकाणी असतात. ४०५ चा जांभळा किंवा ५६१ चा पिवळा-हिरवा असेलच असं नाही. जांभळ्या लेझरचा महागडा रंग घेऊन आलेला आणि तो लेझर बंद आहे हे दारात कळलेला एक मुलगा मला माहीत आहे. नाव विचारू नका, तो मीच.

रंग, गुलाल आणि कंट्रोल

नवख्यांनी दोन किंवा तीन रंगांपासून सुरुवात करावी. बारा रंगांची हौस पुढच्या वर्षी.

जोतिबाच्या चैत्र यात्रेला गेलात तर तुम्ही गुलाल उधळला नाही तरी शेजारच्याचा तुमच्यावर पडतोच. संध्याकाळी डोंगर उतरताना सगळे गुलाबी. रंगांचं तसंच आहे. एफआयटीसी हा रंग हिरवा, पण त्याची थोडी चमक पीई या दुसऱ्या रंगाच्या डिटेक्टरमध्येही सांडते. मग पीई न लावलेल्या पेशीही पीईवाल्या वाटतात. ही सांडलवंड वजा करण्याला कॉम्पेन्सेशन म्हणतात, आणि ती वजाबाकी मशीन तुमच्या एकरंगी नमुन्यांवरून शिकतं. म्हणून प्रत्येक रंगाची एकेक वेगळी ट्यूब लागते. वर एक अजिबात न रंगवलेली ट्यूब, कारण काही पेशी जन्मतःच थोड्या चमकतात. तिसरी गोष्ट एफएमओ. सगळे रंग घालायचे, फक्त एक सोडून. ज्या रंगाची सीमारेषा ठरवणं कठीण, त्याचा एफएमओ हवाच. गेट, म्हणजे पडद्यावर हव्या पेशींभोवतीची चौकट, कुठे काढायचं हे त्यावरून ठरतं, अंदाजाने नव्हे.

मेलेल्या पेशी सगळ्यात त्रासदायक. त्यांना कोणतीही अँटिबॉडी चिकटते, यात्रेतल्या गुलालासारखीच. म्हणून पीआय, डीएपीआय किंवा ७-एएडी यांपैकी एखादा रंग मशीनवर चढवायच्या जरा आधी घाला. तो फक्त मेलेल्यांत शिरतो, तेवढ्या वगळायच्या. यासाठी एक लेझर-डिटेक्टर आधीच राखून ठेवा. पॅनेल (रंगांची यादी) भरल्यावर जागा उरत नाही, मग मुलं म्हणतात "व्हायेबिलिटी (जिवंत-मेलेल्याची तपासणी) नको करूया." नाही, ती हवीच.

आदला दिवस

रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन किंवा ईडीटीएमध्ये घ्या. पुढे पीसीआर असेल तर हेपॅरिन आडवं येतं, पेशी जागवून काम बघायचं असेल तर हेपॅरिन बरं. अख्खं रक्त बर्फात ठेवू नका, खोलीच्या तापमानालाच राहू द्या. मग पीबीएमसी वेगळ्या काढायला १.०७७ घनतेच्या फायकोल द्रावणावर रक्त घालून सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट) तीस मिनिटं, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर मधला ढगाळ थर विस्कटतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

मग सॉर्टिंग बफर. कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेलं पीबीएस, १ मिलिमोलर ईडीटीए, २५ मिलिमोलर हेपेस, १ टक्का सीरम, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेलं. हेपेस यासाठी, की दाबाखाली पीबीएसचा पीएच नीट टिकत नाही. ईडीटीए यासाठी, की पेशी एकमेकींना चिकटू नयेत. माझ्या दुसऱ्याच सॉर्टला मी ईडीटीए विसरलो. सीरमही जास्त घातलं, 'पेशींना बरं वाटेल' म्हणून. पंधरा मिनिटांत नोझल तुंबलं. ऑपरेटर मॅडमनी मशीन थांबवलं, नोझल काढून सोनिकेटरमध्ये टाकलं, परत बसवलं, परत ड्रॉप डिले. तास गेला. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "गाळलं होतं का?" गाळलं नव्हतं. तेव्हापासून मी ३५ किंवा ४० मायक्रॉनच्या जाळीतून दोनदा गाळतो, एकदा इथे आणि एकदा मशीनशेजारी. प्रवासात गुठळ्या नव्याने होतात. ऊतीपासून पेशी काढल्या असतील तर मेलेल्या पेशींचा डीएनए डिंकासारखा चिकटतो. थोडं डीएनेझ (डीएनए तोडणारं विकर) घाला, पण त्याला मॅग्नेशियम लागतं आणि ईडीटीए त्याच्या विरोधात जातं, तेव्हा ते टप्पे वेगळे ठेवा.

पेशी मिलीला पन्नास लाख ते एक कोटी इतक्या दाट ठेवा. त्याहून पातळ असेल तर वेळ लागतो, दाट असेल तर तुंबतं.

रस्ता

कोल्हापूर ते पुणे साधारण २३० किलोमीटर. वाहतुकीची कृपा असेल तर साडेचार तास, खंबाटकीत अडकलात तर देव जाणे. म्हणून शक्य असेल तर रक्तच घेऊन जा आणि पुण्यात ओळखीच्या लॅबमध्ये बेंच मिळवून तिथे रंगवा. रक्त खोलीच्या तापमानाला निवांत प्रवास करतं. मे महिन्यात मात्र गाडीच्या डिकीत ठेवू नका, ते खोलीचं तापमान नव्हे.

इथूनच रंगवून न्यायचं असेल तर ट्यूब फॉइलमध्ये गुंडाळून, थर्माकोलच्या डब्यात, ओल्या बर्फावर. पीई-साय७ सारखे जोडरंग उजेडात लवकर मोडतात आणि मोडले की पीईसारखे चमकतात, म्हणजे चुकीच्या खणात माणूस. जेलपॅक फ्रीझरमधून थेट काढून ट्यूबला चिकटवू नका. मी ते केलंय. साताऱ्याला चहाला उतरून डबा उघडला तर दोन ट्यूबच्या कडेला बर्फाची साय धरलेली. गोठलेल्या पेशी फुटतात, आणि मी पुण्यापर्यंत दोन ट्यूब लगदा घेऊन गेलो. मध्ये कापसाचा किंवा टिश्यूचा थर ठेवा, एक साधा थर्मामीटर टाका.

सोबत काय न्यायचं त्याची यादी मी डब्याच्या झाकणावरच लिहून ठेवलीय. जास्तीचं बफर, जाळ्या, पीआय, गोळा करायच्या ट्यूब, पेन ड्राइव्ह, परवानग्यांच्या झेरॉक्स. आणि डबा. उपाशीपोटी गेट काढताना माणूस चुकतो.

मशीनसमोर

पहिल्यांदा रंग नसलेली ट्यूब, मग एकरंगी, मग एफएमओ, मग खरा नमुना. हा क्रम मोडू नका. पडद्यावर आधी आकार आणि दाणेदारपणावरून कचरा वगळायचा. मग जोड्या वगळायच्या. दोन पेशी चिकटून गेल्या तर त्यांच्या सिग्नलची उंची तेवढीच राहते पण क्षेत्रफळ वाढतं, त्यामुळे उंची आणि क्षेत्रफळ यांच्या आलेखात त्या कर्णरेषेपासून ढळतात. मग मेलेल्या वगळायच्या. त्यानंतर तुमचे रंग.

ऑपरेटर विचारतील, "प्युरिटी की यील्ड?" प्युरिटी म्हणजे थेंबात किंवा शेजारच्या थेंबात नको ती पेशी असण्याचा संशय आला तरी थेंब टाकून देणं. यील्ड म्हणजे हवी ती पेशी आहे ना, मग सोबत कोणीही असो, घ्या. सिक्वेन्सिंगला प्युरिटी, दुर्मिळ पेशी आधी गोळा करून पुन्हा सॉर्ट करायच्या असतील तर यील्ड. प्लेटमध्ये एकेक टाकायच्या असतील तर सिंगल सेल मोड. उत्तर घरून ठरवून या.

गोळा करायची ट्यूब आदल्या रात्री सीरमने आतून ओली करून ठेवा. कोरड्या प्लास्टिकवर भारित थेंब भिंतीला चिकटून सुकतात. आणि ट्यूबचा आकार मोजून आणा. ७० मायक्रॉनच्या नोझलचा थेंब सुमारे एक नॅनोलिटर, म्हणजे दहा लाख पेशींचे एक मिली. १०० मायक्रॉनचा थेंब सुमारे तीन नॅनोलिटर, म्हणजे तेवढ्याच पेशींचे तीन मिली. दीड मिलीच्या ट्यूबमध्ये तीन मिली मावत नाही, हे गणित सगळ्यांना येतं, तरी ट्यूब ओसंडून वाहते.

संपल्यावर थोड्या पेशी परत मशीनमधून चालवा. यालाच पोस्ट-सॉर्ट प्युरिटी म्हणतात. शोधनिबंधात हा आकडा मागतातच. रंग लेझरखाली जरा फिका पडलेला असतो, त्यामुळे ढग थोडा खाली सरकलेला दिसेल, घाबरू नका.

परत आल्यावर

पेशी वाढवायच्या असतील तर मीडियामध्ये ३७ अंशावर रात्रभर विसावू द्या, लगेच प्रयोग लावू नका. आरएनए काढायचा असेल तर उलट, थेट लायसिस बफरमध्येच (पेशी फोडणाऱ्या द्रावणात) गोळा करा. पण त्यात थेंबांचं पाणी मिसळून बफर पातळ होतं, तेव्हा सुरुवातीला किती घ्यायचं ते थेंबांच्या आकारमानावरून ठरवा.

मशीन म्हणेल ५० हजार पेशी दिल्या. न्यूबाउअरवर मोजून बघा, ३०-३५ हजार भरतील. काही भिंतीवर, काही पिपेटच्या टोकात. वहीत दोन्ही आकडे लिहा, मशीनचा आणि स्वतःचा. तारीख, नोझल, दाब, मोड, किती वेळ लागला, किती मेल्या, हेही. एफसीएस फाइल, म्हणजे मशीनने नोंदवलेली सगळी मोजमापं, मशीनच्या संगणकावर ठेवून येऊ नका. तिथली जागा भरली की जुन्या फाइली पुसतात, आणि सहा महिन्यांनी शोधनिबंध तपासणारा रेफरी मागतो ती नेमकी तीच असते. पेन ड्राइव्हवर घ्या आणि बसमध्ये बसल्या बसल्या स्वतःलाच मेल करून टाका. कराडपर्यंत जाते.